चौथा खुंटा

आमच्या गावात ऐनवेळी कोणी दगा दिला की लोक म्हणतात, ‘ढिवरमोहल्ल्याचा खुंटा निघाला.’ लग्नात वाजंत्रीवाले वेळेवर पोचले नाहीत, पेरणीच्या दिवशी ट्रॅक्टर बंद पडला, एखाद्या जावयाने शब्द फिरवला, की झालं, कोणीतरी हे म्हणतंच आणि बाकीचे हसतात. मीही हसत होतो. खरं सांगायचं तर कधी कधी सगळ्यांच्या आधी हसत होतो, कारण हसायला उशीर केला तर कोणी माझ्या तोंडाकडे पाहील अशी भीती वाटायची. तो खुंटा सडला नव्हता हे मला पक्कं ठाऊक होतं. तो माझ्याच गुरांच्या कोठ्यात धानाच्या तणसाखाली पडला होता.

खुंट्याची गोष्ट सांगायची तर आधी तलाव सांगावा लागेल. गावाच्या वरच्या अंगाला जुना तलाव आहे, मालगुजारीच्या काळातला. पाळीला, म्हणजे तलावाच्या बांधाला, लागून पाण्यात दगडी बांधकाम आहे, त्याला आम्ही तुडूम म्हणतो. त्यात वरून खाली चार भोकं आहेत आणि प्रत्येक भोकात लाकडाचा एकेक खुंटा ठोकलेला असायचा. वरचा काढला की वरचं पाणी नहरात उतरतं, ते संपलं की दुसरा, मग तिसरा. हे पाणी धानाचं. चौथा खुंटा मात्र उन्हाळ्यापर्यंत कोणी काढायचा नाही, कारण त्याच्या वरचं पाणी मासोळीचं. हा करार कुठे लिहिलेला नव्हता. माझ्या आजाला त्याच्या आजाने सांगितला होता, आणि तो मोडायची गरज कोणाला पडली नव्हती.

खुंटा काढणं सोपं, बसवणं अवघड. पाणी भोकाकडे ओढ घेत असतं, त्या ओढीविरुद्ध बुडी मारून खुंटा नेमका बसवायचा आणि दगडाने ठोकायचा. हे काम ढिवरांच्या, म्हणजे मासोळी धरणाऱ्यांच्या, एकाच घराकडे होतं. त्या घरात एक विधवा बाई आणि तिचा मुलगा. नवरा होता तोवर नवरा बुडी मारायचा, तो गेल्यावर मुलगा. दर वर्षी पहिला खुंटा काढायच्या दिवशी गाव त्यांना नारळ द्यायचं, आणि धान निघालं की प्रत्येक शेतकरी त्यांच्या घरी सूपभर धान पोचवायचा. त्यांच्याकडूनही एक रीत होती. तलावात पहिलं जाळं पडलं की त्यातली मासोळी विकायची नाही. पळसाच्या पानात वाटे करून घरोघरी द्यायची. बाई स्वतः टोपली डोक्यावर घेऊन फिरायची, आणि आमच्या दारात आली की माझ्या बायकोला नेहमी एकच सांगायची, मरळ आहे, काटा कमी आहे, म्हाताऱ्याला द्या. म्हातारा म्हणजे माझा बाप. तो वारल्यावरही ती तेच म्हणत राहिली, आणि म्हातारा म्हणजे आता मी हे समजायला मला दोन वर्षं लागली.

त्या वर्षी पावसाने पोळ्यानंतर पाठ फिरवली. तीन खुंटे निघाले, तिसऱ्याचं पाणी संपलं, आणि धान नेमकं गर्भात होतं. आणखी एक पाणी मिळालं असतं तर दाणा भरला असता. शेतकरी म्हणाले, चौथा काढा. ढिवर म्हणाले, यंदा आम्ही मासोळीचं बीज टाकलंय, ते मरेल, आमचं वर्ष जाईल. दोघांचंही खरं होतं, म्हणूनच भांडण वाढलं. खोट्याचं भांडण लवकर मिटतं. एका सकाळी पाळीवर वाळत घातलेलं ढिवरांचं जाळं कोणीतरी कापलेलं सापडलं. मग ढिवरांच्या बायका आमच्या वस्तीत मासोळी विकायला येईनाशा झाल्या, आणि आमच्यातल्या एकाने आपल्या चक्कीवर त्यांचं दळण घ्यायचं बंद केलं. शेजारी शेजारी शेत असलेले दोघे धुऱ्यावर, म्हणजे मधल्या बांधावर, उभे राहून एकमेकांना पाठ देऊ लागले.

मी तेव्हा गावच्या तंटामुक्त समितीचा अध्यक्ष होतो. आमच्या जिल्ह्यात शांतता हा शब्द फलकावर फार असतो. शांततेच्या रॅल्या निघतात, मेळावे होतात, पाहुणे येतात, शाळेतल्या मुली लेझीम खेळतात. मी त्यातल्या बऱ्याच मेळाव्यांत पहिल्या रांगेत बसलो आहे आणि शांततेवर दहा मिनिटं बोलायला मला कागद लागत नाही. त्या भांडणातही मी बैठक घेतली. दोन्ही बाजूंना बोलू दिलं. शेवटी निवाडा दिला की बापजाद्यांची रीत मोडायची नाही, चौथा खुंटा निघणार नाही. शेतकरी चिडले, पण गप्प बसले, कारण माझं स्वतःचं शेत नहराच्या अगदी शेपटाला होतं आणि सगळ्यांत आधी वाळणारं धान माझंच होतं. लोक म्हणाले, आपलं नुकसान सोसून न्याय देतो, याला म्हणतात अध्यक्ष. मला ते ऐकून फार बरं वाटलं. पाच दिवस बरं वाटलं.

सहाव्या दिवशी शेतात गेलो तर जमिनीला बोट शिरेल एवढ्या भेगा पडलेल्या. धानाचं पान गुंडाळलेलं. तो बाजाराचा दिवस होता, दुपारी गाव ओस पडलेलं. मी सायकल घेतली आणि तलावावर गेलो. मनात हिशेब असा की तासभर पाणी सोडायचं, माझ्या बांध्या, म्हणजे धानाचे वाफे, ओल्या झाल्या की खुंटा परत बसवायचा, बाजारातून लोक येईपर्यंत कोणाला पत्ता लागायचा नाही. धोतर खोचून छातीभर पाण्यात उतरलो आणि खुंट्याची दोरी ओढली. खुंटा इतक्या सहज निघाला की मीच मागे पडलो.

तासाने परत बसवायला गेलो. बसेना. मी शेतकरी माणूस, बुडी मारायची म्हणजे नाक दाबून डोळे मिटायचे एवढंच मला येतं. पहिल्या बुडीला खुंटा आडवा झाला. दुसऱ्या बुडीला पाण्याने माझा पाय भोकाकडे ओढला आणि तो सोडवताना मी गटांगळ्या खाल्ल्या. वर येऊन पाळीवर बसलो. एक घर पिढ्यान्‌पिढ्या हे काम करतं आणि ते काम काय आहे हे मला पन्नाशी उलटल्यावर कळत होतं. मोहल्ल्यात जायला पाचशे पावलंही नव्हती. ‘चुकलो, चल, बसवून दे’ म्हणायला हवं होतं, आणि मुलगा आलाही असता. पण मी निवाडा देणारा अध्यक्ष होतो. मी खुंटा गमछ्यात गुंडाळून सायकलच्या कॅरिअरला बांधला आणि घरी पळालो. चोरालाही अंगावर आल्यावर माल टाकून पळायची अक्कल असते, मला तेवढीही नव्हती.

संध्याकाळपर्यंत नहर फुटला. एका म्हाताऱ्याच्या बांध्यांचे धुरे वाहून गेले, उभं धान लोळलं. मासोळीचं बीज नहरातून खाली आलं आणि चिखलात तडफडत पडलं. बाजारातून आलेल्या लोकांनी ते पाहिलं आणि क्षणात ठरवून टाकलं की ढिवरांनीच मासोळी हाताने वेचायला तलाव सोडला. ढिवर म्हणाले, आपलंच बीज आपण मारू? पण ऐकतंय कोण. पाळीवर दोन्हीकडून काठ्या जमल्या. आमच्याकडच्या दोघांनी बाईच्या मुलाची गचांडी धरली. तो म्हणत होता, आधी पाणी बंद करू द्या, मग मारा. खुंटा जागेवर नव्हता. तेव्हा बाई घरी जाऊन आपलं मुसळ घेऊन आली. त्याला लुगड्याच्या चिंध्या गुंडाळल्या, आणि गचांडी सुटल्यासुटल्या मुलाने बुडी मारून ते भोकात ठोकलं. पाणी थांबलं. मी हे सगळं गर्दीच्या मागे उभं राहून पाहिलं. माझे केस अजून ओले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मारुतीच्या देवळापुढे बैठक भरली. अध्यक्ष अर्थात मीच. पोलीस पाटील म्हणाला, ठाण्यात कळवू. ठाणं म्हटल्यावर दोन्ही बाजू थोड्या नरमल्या, कारण आमच्या भागात एकदा नाव ठाण्यात गेलं की माणूस किती वर्षं चकरा मारेल ते सांगता येत नाही. मग शेतकऱ्यांतून आवाज आला, तलावाचा ठेका ढिवरांकडून काढून घ्या आणि त्या पोराला गावाबाहेर काढा. पोरगा मान खाली घालून बसला होता. काठ्या देवळाच्या भिंतीला टेकवून ठेवलेल्या होत्या, दूर नव्हत्या. आता बोल, आता बोल, असं मी मनात म्हणत होतो, आणि तोंडाने म्हणत होतो, शांत राहा, शांत राहा.

तेव्हा बाई उठली. तिने माझ्याकडे पाहिलं, जरा जास्त वेळ पाहिलं. मग गावाकडे वळून हात जोडले.

“खुंटा सडला व्हता,” ती म्हणाली. “उन्हाळ्यात बदलवाचा व्हता, आमच्यानं राह्यलं. पाण्याच्या जोरानं तुटून गेला. कोणी काढला नाई. चूक आमच्या घरची हाय. ज्याचे धुरे फुटले, त्याचे आमी बांधून देतो.”

मुलाने चमकून आईकडे पाहिलं. त्याने त्याच उन्हाळ्यात चारही खुंटे काढून, तपासून, परत बसवले होते. हे आम्हा दोघांनाही माहीत होतं, कारण पाळीवर उभं राहून मीच तेव्हा त्याच्याशी गप्पा मारल्या होत्या. तो तोंड उघडणार तोच आईने त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

राग फार चमत्कारिक गोष्ट आहे. समोरचा हात जोडून चूक माझी म्हणाला की तो कुठे ठेवायचा ते कळत नाही. मग ज्याचे धुरे फुटले होते तोच म्हातारा पुटपुटला की लाकूडच ते, सडणारच. कोणीतरी हसलं. चक्कीवाला म्हणाला, उद्यापासून दळण आणा. तीन दिवस ढिवरांचे पाच जण धुरे बांधत होते, आणि तिसऱ्या दिवशी शेतकऱ्यांचीच पोरं त्यांच्यासोबत फावडी घेऊन उतरली. त्या वर्षी सगळे मिळून एका ट्रॅक्टरवर मार्कंड्याच्या जत्रेला गेले. माझं धान त्या वर्षी गावात सगळ्यांत चांगलं झालं.

पुढे तालुक्याला कार्यक्रम झाला. एवढं भांडण ठाण्यापर्यंत जाऊ न देता मिटवलं म्हणून माझा सत्कार झाला. शाल, नारळ, काचेच्या चौकटीतलं प्रमाणपत्र. गावातून गाडी भरून लोक आले होते, बाईही आली होती, शेवटच्या रांगेत बसली होती. मला दोन शब्द बोलायला सांगितले. मी म्हणालो की शांतता ही सामान्य माणसं घडवतात. टाळ्या पडल्या. वाक्य खरं होतं, म्हणूनच आजही आठवलं की कानापर्यंत तापतो.

लाकूड सडतं म्हणून मग तुडमाला लोखंडी दार बसलं, चाक फिरवलं की उघडतं, फिरवलं की बंद. बुडी मारायची गरज संपली. पहिल्या खुंट्याचा नारळ संपला, सूपभर धानही हळूहळू संपलं. मुलगा मिरची तोडायला तेलंगणात जाऊ लागला. आणि ती म्हण सुरू झाली. कोणी सुरू केली माहीत नाही, द्वेषाने नाही, गमतीने. गावात गंमत म्हणजे शाप असतो, फिटत नाही.

पुढच्या वर्षी एकदा हिंमत करून मी बाईच्या घरी गेलो. ती अंगणात जाळं विणत बसली होती. दाराशी ते मुसळ उभं होतं, पाण्याने फुगलेलं, त्यावर पुन्हा कांडण झालं नाही. मी म्हणालो, बाई, त्या दिवशी… तिने जाळ्यातून मान वर केली नाही.

“मी पल्ल्याड शिंगाडे काढून राह्यली व्हती, भाऊ. पायलं मी. तुमी बुडी मारली, मले वाटलं बसवला, म्हणून घरी गेली.”

मग तू माझं नाव का घेतलं नाहीस, असं मी विचारलं. विचारताना माझा आवाज असा होता की जणू तिनेच काही चुकवलं.

“दोन्हीकडून काठ्या व्हत्या,” ती म्हणाली. “तुमचं नाव घेतलं असतं तं तुमच्यावाले माह्या पोराले खोटा म्हणून मारले असते, नाईतं आमच्यावाले तुमाले. कोणाचं तरी डोक्सं फुटलं असतं. मी गावासाठी खोटी बोलली, तुमच्यासाठी नाई. आता काठ्या नाई हायेत. तुमाले वाटन तेवा तुमी खरं बोला.”

मी मान डोलावली. चहा पिऊन घरी आलो. वाटेत मी ठरवलं होतं की येत्या ग्रामसभेत सांगायचं. ग्रामसभा आली आणि गेली. मग ठरवलं पोळ्याला, मग दिवाळीला. दर वर्षी पहिल्या जाळ्याची मासोळी बाई आणून देत होती, मरळ आहे, म्हाताऱ्याला द्या म्हणत होती, आणि मी आत बसून पेपर वाचल्याचं सोंग करत होतो. बायकोने तो खुंटा दोनदा चुलीत घालायला काढला, दोन्ही वेळा मी तिच्यावर ओरडलो. जाळून टाकला असता तर पुरावा गेला असता, आणि नेमकं तेच मला जमत नव्हतं. सांगायची हिंमत नाही आणि लपवायचीही नाही, अशा माणसाला आमच्याकडे काय म्हणतात ते मी लिहीत नाही.

गेल्या पौषात बाई वारली. मी खांदा दिला. नदीवर लाकडं रचली जात असताना गावातला एक जण सहज म्हणाला, बाई सोन्यासारखी होती, खुंटा तेवढा सडका निघाला. माणसं हलकेच हसली, प्रेमानेच हसली. तिचा मुलगा तिथेच उभा होता. मीही होतो. तिच्यासमोर बोलायची ती माझी शेवटची संधी होती, आणि ती ऐकू शकत नव्हती तरीही माझ्याच्याने बोलवलं नाही.

यंदा आश्विनात लोखंडी दाराचं चाक तुटलं. दार अर्धवट उघडं राहिलं आणि पाणी भसाभसा जाऊ लागलं. कार्यालयातला माणूस फोनवर म्हणाला, आठ दिवसांनी येतो. लोकांनी धावत जाऊन बाईच्या मुलाला बोलावलं, तो धानकापणीसाठी गावातच होता. त्याने पाण्यात उतरून पाहिलं आणि सांगितलं, दाराच्या मागे जुनं भोक तसंच आहे, त्या भोकाच्या मापाचा खुंटा असता तर बसवला असता, आईचं मुसळ तर केव्हाच चिरून गेलं. नवीन करायला सुताराला उद्या होईल. उद्यापर्यंत तलाव राहणार नव्हता.

मी घरी गेलो. कोठ्यात तणस उपसलं, खुंटा बाहेर काढला. ऐनाचं लाकूड, हातभर लांब, काळं पडलेलं. तो खांद्यावर घेऊन मी गावाच्या मधल्या रस्त्याने तलावावर चाललो. ओसरीवरच्या दोघा म्हाताऱ्यांनी पाहिलं आणि ते मागे मागे आले. पाळीवर पोचेपर्यंत माझ्यामागे वीसेक माणसं होती.

मी खुंटा मुलाच्या हातात दिला. त्याने तो दगडावर आपटून पाहिला. घट्ट आवाज आला.

“हा सडला नव्हता,” मी म्हणालो. आवाज मला वाटला होता त्यापेक्षा मोठा निघाला. “मी काढला होता. बाजाराच्या दिवशी. माझ्या धानासाठी.”

सहा वर्षं मी ज्या क्षणाला भीत होतो तो आला आणि काहीच झालं नाही. कोणी धावून आलं नाही, कोणी शिवी दिली नाही. लोक माझ्याकडे नाही, मुलाकडे पाहत होते, कारण रागावण्याचा हक्क त्याचा होता. तो गुडघाभर पाण्यात उभा राहून खुंट्याला दोरी बांधत होता.

“मालूम हाय, काकाजी,” तो म्हणाला. “माय सांगून गेली. म्हणे, तो सोता आणून देईन एक दिवस. तू मांगू नोको.”

आणि त्याने बुडी मारली. आतून ठोकल्याचे तीन आवाज आले, पाण्याचा आवाज थांबला. नारळ कोणीतरी पळत जाऊन आणला. रीतीप्रमाणे तो अध्यक्षाने द्यायचा असतो. मी तो हातात घेतला नाही, ज्या म्हाताऱ्याचे धुरे फुटले होते त्याच्या हातून मुलाला द्यायला सांगितला. प्रमाणपत्र मी दुसऱ्या दिवशी ग्रामपंचायतीत नेऊन दिलं, तर सचिव म्हणाला, याचं आता काय करायचं?

पंधरा दिवसांनी तलावात पहिलं जाळं पडलं. मला वाटलं होतं यंदा आमचं दार टाळतील, टाळावंच. मुलाची बायको टोपली घेऊन आली, पळसाच्या पानातला वाटा उंबऱ्यावर ठेवला, आणि माझ्या बायकोला म्हणाली, मरळ आहे, म्हाताऱ्याला द्या. सासूने तिला तेवढंच शिकवून ठेवलं असावं.

रात्री ताटात मासोळी आली. न खाता उठावं असं फार वाटलं. पण उपाशी उठून मोठा होण्याचा मानही आता मला नको होता. मी जेवलो.